त्या सकाळी काय माहीत होतं? : एका हॉकी मॅनेजरच्या व्यवहारांची चिकित्सा

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)

विषयात 'हॉकी' हा शब्द वाचून काही जण खडकीच्या धनराज पिल्लेची आठवण घेऊन आले असतील. त्यांची आधीच माफी मागतो. आजची हॉकी बर्फावरची आहे, उत्तर अमेरिकेतली, एनएचएल नावाच्या लीगमधली. आणि त्यातही मी खेळाडूंबद्दल कमी आणि सुटाबुटात वर काचेच्या खोलीत बसणाऱ्या माणसाबद्दल जास्त बोलणार आहे. त्याला जनरल मॅनेजर म्हणतात. आज रात्री बर्फावर कोण उतरणार हे कोच ठरवतो. पण मुळात संघात कोण असावं, कोणाला विकावं, कोणाशी किती वर्षांचा आणि किती पैशांचा करार करावा, हे हा मॅनेजर ठरवतो.

माझा नमुना आहे पीटर चिआरेली. २००६ ते २०१५ बोस्टन ब्रुइन्स, आणि एप्रिल २०१५ ते जानेवारी २०१९ एडमंटन ऑइलर्स. हार्वर्डच्या संघाकडून खेळलेला, पुढे वकील झालेला, खेळाडूंचा एजंट म्हणून काम केलेला माणूस. बोस्टनमध्ये त्यांनी २०११ साली स्टॅनले कप जिंकला, म्हणजे बोस्टनचा ३९ वर्षांचा दुष्काळ संपवला. आणि एडमंटनमध्ये आज त्यांचं नाव काढलं तर लोक कपाळाला हात लावतात. एकच माणूस, तेच डोकं. मग टीका करायची ती कशाच्या आधारावर?

आधी एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. त्यानंतर आली सॅलरी कॅप, म्हणजे पगारांवरची कमाल मर्यादा. पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला ३.९ कोटी डॉलर. २०१६-१७ पर्यंत ती ७.३ कोटींवर गेली होती. मालक कितीही गडगंज असो, त्यापलीकडे जाता येत नाही. आपल्याकडे आयपीएलमध्येही मर्यादा असते, पण तिथे काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी पुसली जाते. इथे पाटी पुसली जात नाही. सात वर्षांचा करार केलात तर सात वर्षं तो डोक्यावर. म्हणून इथे 'खेळाडू चांगला की वाईट' हा प्रश्न अर्धाच असतो. उरलेला अर्धा म्हणजे केवढ्याला घेतला, आणि त्या पैशात दुसरं काय आलं असतं.

आता टीकेकडे येऊ. चिआरेलींवर जी टीका वाचायला मिळते तिचा नव्वद टक्के भाग एकाच साच्याचा आहे. अमका दिला, तो पुढे मोठा झाला, म्हणजे व्यवहार मूर्खपणाचा. ही पश्चातबुद्धी आहे. ती सोपी आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. २६ जून २०१५, ड्राफ्टची रात्र. ड्राफ्ट म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची निवड. प्रत्येक संघाला क्रमांक मिळतात आणि हे क्रमांक एकमेकांना देता-घेता येतात. एडमंटनने पहिल्या क्रमांकावर कॉनर मॅकडेव्हिड घेतला. तो घ्यायला अक्कल लागत नव्हती, लॉटरीने तो पदरात टाकला होता, आणि तीही चिआरेली यायच्या आठवडाभर आधी. पण त्याच रात्री त्यांनी १६ आणि ३३ हे दोन क्रमांक न्यूयॉर्क आयलंडर्सना देऊन ग्रिफिन राइनहार्ट हा तरुण बचावपटू घेतला. आयलंडर्सनी १६ वर मॅथ्यू बार्झाल उचलला. बार्झालने २०१७-१८ मध्ये ८५ पॉइंट केले आणि सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीस मिळवलं. (पॉइंट म्हणजे गोल अधिक गोलला केलेलं साहाय्य.) राइनहार्ट एडमंटनसाठी सगळे मिळून २९ सामने खेळला आणि २०१७ मध्ये नव्या लास व्हेगास संघाने त्याला उचलून नेलं.

टीकाकार म्हणतात, 'बार्झाल देऊन राइनहार्ट घेतला'. चूक. बार्झाल दिलाच नव्हता, क्रमांक दिला होता. आणि बार्झाल एवढा उघड होता, तर मग १३, १४ आणि १५ हे ओळीने तीन क्रमांक कोणाकडे होते माहीत आहे? बोस्टनकडे! त्यांनी तीनदा दुसरीच पोरं घेतली. ज्या संघाने दोन महिन्यांपूर्वी चिआरेलींना घरी पाठवलं, त्यांच्या नव्या मॅनेजरसमोरून बार्झाल तीन वेळा गेला. तेव्हा १६ वर एडमंटनने बार्झालच घेतला असता याची खात्री कोण देणार?

मग हा व्यवहार बरा होता का? नाही. वाईटच होता, पण कारण वेगळं आहे. राइनहार्टला २०१२ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलं होतं. त्यानंतर तीन वर्षांत तो एनएचएलमध्ये आठ सामने खेळला होता. आठ. म्हणजे चौथ्या क्रमांकाची झळाळी उतरलेली होती आणि किंमत मात्र झळाळीची मोजली. तो पूर्वी एडमंटन ऑइल किंग्जचा कर्णधार होता. ज्युनियर खेळाडूंचा तो संघ ऑइलर्सच्याच घरचा. घरच्यांनी त्याला लहानपणापासून पाहिलेलं. आता यात एक गंमत आहे. जवळून पाहिलेल्या पोराबद्दल आपल्याला जास्त माहिती असते असं वाटतं. खरं तर त्याच्याबद्दलचं प्रेम जास्त असतं. ही माहिती त्या रात्री, त्या टेबलावर हजर होती. म्हणून टीका रास्त. बार्झाल एखाद्या दुखापतीने संपला असता तरी ती तेवढीच रास्त राहिली असती.

एवढंच माझं परिमाण आहे. निर्णयाच्या दिवशी काय माहीत होतं, किंमत काय मोजली आणि हातात दुसरा पर्याय काय होता. आता ते त्यांच्या सगळ्यात बदनाम व्यवहाराला लावून बघू.

२९ जून २०१६. टेलर हॉल न्यू जर्सीला, बदल्यात बचावपटू अ‍ॅडम लार्सन. एकास एक. सोबत ना ड्राफ्टचा क्रमांक, ना कोणी नवखा पोरगा. हॉल २४ वर्षांचा, २०१० च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक, आदल्या हंगामात ६५ पॉइंट. दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, हॉलने न्यू जर्सीसाठी ९३ पॉइंट करून हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान, मिळवला. झालं, खटला संपला, असं लोक म्हणतात.

चिआरेलींची बाजू आधी मांडतो, कारण ती पोकळ नाही. एडमंटनकडे आघाडीपटूंची रांग होती आणि बचाव म्हणजे उघडी वेस. उजव्या हाताने खेळणारा तरुण, भरवशाचा बचावपटू बाजारात मिळत नाही. मिळाला तर समोरचा गळा पकडतो. लार्सनचा पगार वर्षाला साधारण ४१ लाख ६७ हजार डॉलर, तोही २०२१ पर्यंत ठरलेला. आणि पुढच्याच हंगामात काय झालं? ऑइलर्सनी १०३ गुण मिळवले, २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ गाठली, सॅन होजेला सहा सामन्यांत हरवलं आणि अ‍ॅनाहाइमविरुद्ध सातव्या सामन्यात बाहेर पडले. त्या वर्षीच्या सर्वोत्तम मॅनेजरच्या पुरस्कारासाठी अंतिम तिघांत चिआरेलींचं नाव होतं. ही पुरस्काराची गोष्ट आज कोणी सांगत नाही. २०१७ च्या मे महिन्यात निकालावरून न्याय केला असता तर हा व्यवहार यशस्वी, आणि २०१८ च्या जूनमध्ये केला तर महापाप. व्यवहार तोच. म्हणजे निकालाची मोजपट्टी रबराची आहे.

त्या सकाळी माहीत असलेलं एवढंच : हॉलचा करार वर्षाला ६० लाख डॉलरचा होता आणि त्याची चार वर्षं शिल्लक होती. कॅप दरवर्षी थोडी वाढते आहे, त्यामुळे हा करार दरवर्षी थोडा स्वस्त होत जाणार, हे शाळकरी गणित. आणि मग, दोनच दिवसांनी, १ जुलैला, चिआरेलींनी मिलान लुचिचशी करार केला. लेफ्ट विंग, म्हणजे हॉलचीच जागा. वर्षाला ६० लाख डॉलर, म्हणजे हॉलचाच पगार. पण वय २८, मुदत सात वर्षं, आणि खेळ सगळा अंगाच्या रेट्यावर.

मंडळी, लोक हे दोन वेगळे व्यवहार म्हणून मोजतात. हा एकच व्यवहार आहे. ४८ तासांत त्यांनी ६० लाखांच्या खुर्चीवरून चोवीस वर्षांचा वेगवान खेळाडू उठवला आणि अठ्ठावीस वर्षांचा, वेग ओसरत चाललेला खेळाडू बसवला, तोही तीन वर्षं जास्त मुदतीने. लार्सन मिळाला तो या फरकाच्या बदल्यात. असं मांडलं की हार्ट ट्रॉफीचा उल्लेखही करावा लागत नाही. लुचिचचे पॉइंट पुढे ५०, मग ३४, मग २० असे घसरले. पण ती उतरण कुठल्या दिशेला जाणार हे त्या दिवशीही दिसत होतं, वेग तेवढा सांगता आला नसता. वर कराराचा बराचसा पैसा बोनसच्या रूपात ठेवलेला, त्यामुळे करार मोडून टाकायचा म्हटलं तरी काही वाचणार नाही. सोबत बदलीला नकार देण्याचा हक्कही त्याला दिलेला. दार लावून किल्ली विहिरीत टाकावी तसं.

लुचिच कोण होता? बोस्टनच्या २०११ च्या विजेत्या संघातला, चिआरेलींचा जुना गडी. तीन वर्षांनी केन हॉलंड यांनी त्याला कॅलगरीला दिलं, आणि बदल्यात दुसऱ्याचा तसलाच महागडा करार, जेम्स नीलचा, घेतला. अडगळीच्या बदल्यात अडगळ.

इथे मला थोडं मागे, बोस्टनला जायचं आहे, कारण खोड तिथली आहे. २०१० च्या ड्राफ्टच्या आधी वर्षभर एक वाद रंगला होता : टेलर की टायलर? पहिला कोण, टेलर हॉल की टायलर सेगन? हॉल पहिला गेला एडमंटनला, सेगन दुसरा गेला बोस्टनला. आणि पुढे साधारण सहा वर्षांत या दोघांनाही विकणारा माणूस एकच निघाला. याला योगायोग म्हणणं मला जड जातं.

सेगन बोस्टनला कसा आला, हे मात्र चिआरेलींच्या बाजूने लिहिलं पाहिजे. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी फिल केसेल टोरोंटोला दिला आणि पहिल्या फेरीचे दोन व दुसऱ्या फेरीचा एक असे क्रमांक घेतले. टोरोंटो पुढे कोसळलं आणि त्या क्रमांकांचे झाले सेगन आणि डगी हॅमिल्टन. सुंदर व्यवहार. मग ४ जुलै २०१३ ला सेगन डॅलसला गेला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, नुकत्याच संपलेल्या प्लेऑफमध्ये २२ सामन्यांत एक गोल केलेला, आणि त्याच्या रात्रीच्या भटकंतीबद्दल शहरात कुजबुज चाललेली. बदल्यात लुई एरिकसन, रायली स्मिथ आणि आणखी दोघे.

पुढच्या हंगामात बोस्टन ११७ गुणांनी लीगमध्ये पहिलं आलं. आणि सेगनने डॅलसला ८४ पॉइंट केले. दोन्ही खरं आहे. गुणतक्ता बघून तुम्ही चिआरेलींना शहाणं म्हणाल, पॉइंट बघून वेडं. पण त्या सकाळी काय होतं? तर २१ वर्षांचा खेळाडू, ५७ लाख ५० हजारांच्या सहा वर्षांच्या कराराच्या उंबरठ्यावर. आणि त्याला विकायचं कारण काय, तर एक वाईट महिना आणि त्याचं वागणं. वस्तूचा भाव सगळ्यात पडलेला असताना ती विकायला काढायची, ही खोड इथे पहिल्यांदा दिसते.

तीच खोड २०१७ मध्ये पुन्हा. जॉर्डन एबर्ली, हंगामात ५१ पॉइंट, पण प्लेऑफच्या १३ सामन्यांत एकही गोल नाही. जूनमध्ये तो आयलंडर्सना, बदल्यात रायन स्ट्रोम. कारण दिलं गेलं कॅपचं, आणि कारण म्हणून ते चुकीचं नाही : मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल यांचे मोठे करार तोंडावर होते. एबर्लीचे ६० लाख, स्ट्रोमचे २५, म्हणजे वर्षाला ३५ लाख वाचले. ठीक. पण त्याच उन्हाळ्यात क्रिस रसेल या बचावपटूला वर्षाला ४० लाख, चार वर्षं. म्हणजे वाचवलेले गेले, वर पाच लाख खिशातून. आणि स्ट्रोम? नोव्हेंबर २०१८ मध्ये, हंगामाचे पहिले १८ सामने त्याला दोनच पॉइंट मिळालेले असताना, तो न्यूयॉर्क रेंजर्सना देऊन रायन स्पूनर आणला. स्ट्रोमने उरलेल्या हंगामात रेंजर्ससाठी ३३ पॉइंट केले. पुन्हा पडलेल्या भावात विक्री. एबर्लीचा झाला स्ट्रोम, स्ट्रोमचा झाला स्पूनर. आपल्याकडे गाय विकून शेळी आणि शेळी विकून कोंबडी आणणाऱ्याच्या गोष्टी आजीने सांगितलेल्या असतात, त्यातलीच ही.

मी फक्त वाईटच काढतोय असं वाटू नये. गोलरक्षक कॅम टॅलबट त्यांनी २०१५ मध्ये ड्राफ्टच्या दुय्यम क्रमांकांवर मिळवला आणि २०१६-१७ मध्ये त्याने ४२ सामने जिंकून दिले. पॅट्रिक मरून जवळपास फुकटात आला आणि त्या हंगामात त्याने २७ गोल केले. आणि बोस्टनच्या २०११ च्या संघात नेथन हॉर्टन आहे, ज्याला त्यांनी आदल्या वर्षी फ्लोरिडाकडून आणलं. टॅम्पाविरुद्ध सातव्या सामन्यातला एकमेव गोल त्याचा. रिच पेव्हर्लीसाठी ब्लेक व्हीलर दिला, आणि व्हीलर पुढे विनिपेगचा कर्णधार आणि मोठा खेळाडू झाला. पण पेव्हर्लीसह कप जिंकला गेला. ३९ वर्षं थांबलेल्या शहरात हा व्यवहार तोट्याचा म्हणणाऱ्याला मी तरी समीक्षक म्हणणार नाही, कारकून म्हणेन.

श्रेयाचा आणखी एक गुंता आहे. बोस्टनने चिआरेलींची नेमणूक मे २००६ मध्ये जाहीर केली, पण जुन्या मालकांकडचा, ओटावाचा, करार असल्याने ते प्रत्यक्ष खुर्चीवर बसले जुलैत. मधल्या काळात हंगामी कारभार जेफ गॉर्टन यांच्याकडे. आणि त्याच मधल्या काळात टूका रास्क आला, ड्राफ्टमध्ये केसेल, लुचिच आणि ब्रॅड मार्शंड आले, १ जुलैला झ्डेनो चाराशी करार झाला. पॅट्रिस बर्जेरॉन तर आधीपासून होताच. म्हणजे ज्या पायावर २०११ चा कप उभा राहिला, त्यातले बरेच दगड दुसऱ्याच्या हातचे. चिआरेलींनी त्यावर भिंती नीट चढवल्या, हे खरं. एडमंटनला मात्र त्यांना पाया मिळाला मॅकडेव्हिड. अठरा वर्षांचा, आणि नवख्याच्या करारामुळे तीन वर्षं त्याला तुलनेने किरकोळ पगार. कॅपच्या जगात यापेक्षा मोठं घबाड नाही. त्या तीन वर्षांतल्या शेवटच्या, म्हणजे २०१७-१८ मध्ये, मॅकडेव्हिडने १०८ पॉइंट करून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, आणि संघ ७८ गुणांवर, प्लेऑफच्या बाहेर. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे.

माझा खरा आक्षेप त्या तीन वर्षांवर आहे, हॉलवर किंवा बार्झालवर नाही. ती वर्षं परत येत नाहीत. १ जुलै २०१७ नंतर काही दिवसांतच मॅकडेव्हिडने आठ वर्षांच्या, वर्षाला १ कोटी २५ लाखांच्या करारावर सही केली, आणि २०१८ पासून स्वस्ताईची खिडकी बंद झाली. ती उघडी असताना आत काय भरलं? लुचिच, रसेल, आणि सहा वर्षांसाठी ५५ लाखांचा आंद्रेय सेकेरा. सेकेरा चांगला होता, तो २०१७ च्या प्लेऑफमध्ये जायबंदी झाला हे नशीब. बाकीचे दोन नशीब नव्हेत.

थांबतो. प्रश्न घेऊ.

श्रोता : सर, ड्रायसाइटलच्या कराराबद्दल तुम्ही बोललाच नाहीत. तो तर आज सोन्याचा ठरला आहे.

खरं आहे. ऑगस्ट २०१७, आठ वर्षं, वर्षाला ८५ लाख. तेव्हा बऱ्याच जाणकारांनी नाकं मुरडली होती, मॅकडेव्हिडच्या बाजूला खेळून पॉइंट मिळवलेत म्हणून. २०२० मध्ये त्याने ११० पॉइंट केले, हार्ट ट्रॉफी घेतली, आणि नाकं सरळ झाली. पण मी माझ्याच मापाला बांधील आहे, ११० मला वापरता येणार नाहीत. ऑगस्ट २०१७ ला काय होतं? २१ वर्षांचा खेळाडू, ७७ पॉइंट, आणि प्लेऑफच्या १३ सामन्यांत १६. म्हणजे दडपणाखाली न डगमगलेला. कॅप वाढती. अशा पोराला आठ वर्षांसाठी बांधणं योग्यच होतं; तो पुढे ७० पॉइंटांवरच थांबला असता तरी मी हेच म्हटलं असतं. पूर्ण श्रेय चिआरेलींना. मात्र त्याला ड्राफ्टमध्ये त्यांनी निवडलं नव्हतं, तो २०१४ चा, त्यांच्या आधीचा.

श्रोता : एवढं सगळं दिसत होतं, तर त्यांना आधी का नाही काढलं?

हा प्रश्न मला नाही, एडमंटनच्या मालकांना विचारायला हवा. मी फक्त तारखा सांगतो. २१ जानेवारी २०१९ ला गोलरक्षक मिक्को कोस्किनेन याच्याशी तीन वर्षांचा, वर्षाला ४५ लाखांचा करार जाहीर झाला. वय तीस, एनएचएलमधला अनुभव जेमतेम तीस सामन्यांचा. दुसऱ्या दिवशी संघ डेट्रॉइटकडून हरला आणि त्याच रात्री चिआरेलींना काढलं. आता एक कोटी पस्तीस लाखांचा करार मॅनेजर एकटा, वर न विचारता करत नाही. ज्याला उद्या काढायचं आहे त्याला आज ही सही कोणी करू दिली? कराराचे पैसे पुढचे तीन हंगाम हॉलंड यांच्या हिशेबात बसले होते.